भक्तपूरला थांगका घेताना भाव किती पाडायचा? आधी चित्र उलटं करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही लागेल. बॅकपॅक घेऊन नेपाळला गेलायत, बजेट टाइट आहे, भक्तपूरच्या एका दुकानात साधारण दीड बाय दोन फुटाचा हिरव्या तारेचा थांगका, म्हणजे त्या बौद्ध देवीचं कापडावर रंगवलेलं, गुंडाळून ठेवता येणारं चित्र, मनात भरला. दुकानदार २२,००० म्हणाला, तुम्ही ९,००० वरून सुरुवात केलीत, चहा झाला, शेवटी तुम्हीच १२,५०० म्हणालात आणि तो लगेच हो म्हणाला. त्या क्षणी तुमच्या मनात आलं की एवढ्या पटकन तयार झाला म्हणजे वस्तू पाच-सहा हजाराचीच असणार, आणि "जरा बघून येतो" म्हणून बाहेर पडलात. आता दोन दिवस हातात आहेत. परत जावं का, गेलं तर किती म्हणावं, आणि बाहेरच्या देशात निम्म्यापासून सुरू करायचं हा नियम बरोबर आहे का, असं विचारलंयत.

माझं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. डोंबिवलीत आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे आणि गेली १७ वर्षं मी वर्षातून एकदा-दोनदा काठमांडू, पाटण, भक्तपूरला जाऊन थांगका आणि पौभा (तिकडचीच तशी जुन्या पद्धतीची चित्रं) घेऊन येते. शिवाय लोक स्वतः ट्रिपला जाऊन आणलेले थांगके फ्रेम करायला आमच्याकडे येतात, त्यामुळे कोणी कितीला काय आणलं आणि आठ-दहा वर्षांनी त्याचं काय झालं, हे दोन्ही बघायला मिळतं. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

सगळ्यात आधी, तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाहीये आणि तिच्यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे. हे १२,५०० आयसी की एनसी? नेपाळमध्ये दुकानात भारतीय रुपयाला आयसी म्हणतात आणि नेपाळी रुपयाला एनसी, आणि आपण हिंदीत बोलतोय म्हटल्यावर बरेच दुकानदार आपोआप आयसीत सांगतात, तर काही एनसीत. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही. म्हणजे १२,५०० एनसी असतील तर आपले साधारण ७,८०० झाले आणि आयसी असतील तर नेपाळी २०,००० झाले, दोन्हीत किती फरक पडतो बघा. मी अशी भांडणं बघितलीयेत जिथे दोघंही खरं बोलत होते, फक्त एकाच्या डोक्यात आयसी होतं आणि दुसऱ्याच्या एनसी. त्यामुळे आकडा ऐकला की पहिला प्रश्न तोच विचारायचा, आणि शेवटचा आकडा ठरला की तो कागदावर लिहून, पुढे आयसी की एनसी तेही लिहून समोर धरायचा.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतंय की प्रश्न "किती पाडायचा" हा आहे. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न असा आहे की समोरची वस्तू काय आहे हे तुम्हाला कळत नव्हतं, म्हणून तुम्ही दुकानदाराच्या चेहऱ्यावरून तिची किंमत काढायला गेलात. तो पटकन हो म्हणाला म्हणजे स्वस्तातली, अडून बसला असता तर भारीतली, असं. आणि चेहऱ्यावरून हे कधीच कळत नाही. दुकानदार २२ वरून साडेबारावर येतो याची कारणं दहा असू शकतात. पहिला आकडाच फुगवून सांगितलेला असेल, कारण गाइड किंवा टॅक्सीवाला सोबत आला तर त्याचं कमिशन त्यात धरावं लागतं. सीझन मंद असेल, पावसाळ्यात तिथे दिवस-दिवस गिऱ्हाईक नसतं, उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोच माणूस हजार रुपये सोडणार नाही. चित्रकाराला पैसे द्यायचे असतील आणि रोख हवी असेल. किंवा सकाळची पहिली विक्री असेल. आपण जिला भवानी म्हणतो तिला तिकडे बोहनी म्हणतात आणि ती मोडू नये ही भावना अगदी आपल्यासारखीच आहे, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलेलं त्यांनाही आवडत नाही. यातल्या एकाही कारणाचा चित्र चांगलं की वाईट याच्याशी संबंध नाही.

निम्म्यापासून सुरू करायचं हे आपल्या अंगात तुळशीबागेपासून भिनलेलं आहे आणि क्लिपा, ओढण्या, पर्सेस घेताना ते चालतं, कारण ती वस्तू शेजारच्या चार दुकानांत तश्शीच मिळते. पण येवल्यात मागावर बसलेल्या माणसाकडे जाऊन पैठणीचा भाव आपण निम्म्याने सुरू करतो का? तिथे आपण आधी पदर उलटा करून बघतो, मागून पण नक्षी तशीच स्वच्छ दिसते का, जरतार कुठली आहे, आणि मग बोलतो. थांगक्याचं तसंच आहे. अडचण एवढीच की पैठणी आपल्याला लहानपणापासून माहीत आहे आणि थांगका नाही.

त्यात थांगक्याचं अजून एक असतं. देवतेचा आकार, प्रमाण, कुठल्या हातात काय, कुठला पाय कसा, हे सगळं शास्त्राने ठरलेलं असतं, चित्रकार त्यात स्वतःच्या मनाने बदल करत नाही. हिरवी तारा म्हणजे उजवा पाय खाली सोडून छोट्या कमळावर टेकवलेला, डावा दुमडलेला, उजवा हात वरद मुद्रेत गुडघ्यावर, डाव्या हातात निळं कमळ, हे सगळीकडे असंच दिसणार. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला ४,००० ची तारा आणि ४०,००० ची तारा शेजारी-शेजारी टांगली तरी "सेम तर आहे" असंच वाटतं. फरक रचनेत नसतो, रेषेत असतो, रंगाच्या थरांत असतो, आणि किती दिवस बसून केलंय त्यात असतो.

तर बघायचं कसं. मी दुकानात गेले की भाव न विचारता आधी चित्र हातात मागते आणि उलटं करते. चांगला थांगका सुती कापडावर असतो. कापड लाकडी चौकटीला दोऱ्यांनी ताणून बांधतात, त्यावर खडू किंवा पांढरी माती आणि जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस यांचं मिश्रण लावतात, आणि वाळलं की गुळगुळीत दगडाने घासून घासून पृष्ठभाग असा करतात की ब्रश कुठे अडकायला नको. मागून बघितलं, किंवा दाराच्या उजेडासमोर धरलं, की कापडाची वीण दिसते, रंगाचे जाड-पातळ थर कमी-जास्त सावलीसारखे दिसतात. कधीकधी मागे देवतेच्या कपाळ, कंठ आणि हृदयाच्या जागी ओम, आः, हूं ही अक्षरं लिहिलेली असतात. ती नसली म्हणून चित्र खोटं ठरत नाही, पण असली की विचारा कोणी लिहिली, बरीच माहिती बाहेर येते.

मग पुढची बाजू. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ न्या आणि झूम करा, तेवढं भिंग पुरतं. छापलेलं चित्र असेल तर बारीक ठिपके दिसतात, बऱ्याचदा जाळीसारखे. हल्ली अर्धवट प्रकार पण असतो, बाह्यरेषा छापायची आणि वरून हाताने रंग भरायचा, तो ओळखायला रेषा बघायची. ब्रशची रेषा सुरू होताना बारीक, मध्ये थोडी भरते आणि संपताना केसासारखी निमुळती होते. छापलेली रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आणि कडेला किंचित फिसकटलेली. तारेच्या बोटांकडे बघा, नखं वेगळी काढलीयेत का, अंगठा बाकी बोटांपासून सुटा वाटतो का. ढगांकडे बघा, निळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना रंग हळूहळू विरतो की दोन-तीन पट्टे दिसतात. आणि सगळ्यात शेवटी डोळे, कारण चित्रकारही ते सगळ्यात शेवटी काढतो. दोन्ही बुबुळं एकाच ठिकाणी बघतायत ना, पापणीची रेषा एका दमात आलीय ना. डोळे चुकलेले असले तर बाकी कितीही सोनं लावलेलं असो, मी तो थांगका परत टांगायला सांगते.

सोन्यावरून आठवलं, इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. खऱ्या सोन्याची पूड सरसात कालवून ब्रशने लावतात आणि हवी तिथे अकीकाच्या दगडाने घासून चमक आणतात. ते सोनं समोरून मऊ, पिवळसर, जरा शांत दिसतं, आणि चित्र तिरकं केलं की घासलेला भाग एकदम उजळतो. पितळेची पूड असलेला सोनेरी रंग समोरूनच चकचकतो आणि भिंगाखाली त्यात वेगळे-वेगळे चमकणारे कण दिसतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी काठमांडूच्या थामेल या टुरिस्ट भागातल्या एका दुकानातून सहा थांगके एकदम घेतले, सगळ्यांवर "चोवीस कॅरेट" असं सांगून दिलेले. पाच वर्षांनी त्यातला एक गिऱ्हाईक परत घेऊन आलं, रत्नागिरीला समुद्राजवळ घर होतं त्यांचं, आणि तारेच्या मुकुटाच्या रेषा हिरवट-काळ्या पडल्या होत्या. मी पैसे परत केले आणि उरलेल्या पाच जणांना स्वतः फोन करून सांगितलं. तेव्हापासून सोन्याचं काम असेल तर मी बिलावर "खरं सोनं" असं लिहून मागते. जो लिहून देत नाही त्याच्याकडून ते सोनेरी रंगाच्या भावाने घेते, किंवा घेत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते, पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिकमध्ये केलेला थांगका म्हणजे फसवणूक असं अजिबात नाही. खनिज रंग, म्हणजे निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ, हे महाग असतात, दळायला वेळ जातो, आणि ते सगळ्यांना परवडणार नाहीत. शिकाऊ मुलं साध्या रंगातच हात बसवतात. फसवणूक तेव्हा होते जेव्हा साधा रंग दगडाचा म्हणून विकला जातो. आणि कोणी सांगितलं की थुंकी लावून बोट घासून बघ, तर कृपा करून ते करू नका. सरसातले रंग पाण्याने उठतात, खरं चित्र असेल तर तुम्हीच ते खराब करून ठेवाल.

हे सगळं एका दिवसात शिकता येत नाही हे मला मान्य आहे. म्हणून माझी जी युक्ती दोन दिवसांत उपयोगी पडेल तीच सांगते. दुकानदाराला सांगा, याच विषयाचे, साधारण याच आकाराचे दोन थांगके द्या, एक यापेक्षा स्वस्त आणि एक महाग, आणि तिन्ही शेजारी ठेवा. मग विचारा, दाइ (म्हणजे दादा), यात फरक काय? चांगला दुकानदार असेल तर त्याला हा प्रश्न आवडतो. तो स्वतःच तुम्हाला दाखवेल की इथे बघा शेडिंग, इथे बघा रेषा, हा स्टुडंटचा आहे, हा मास्टरचा आहे. तिकडे हे दोन शब्द सर्रास वापरतात. दहा मिनिटांत तुमची नजर जेवढी तयार होईल तेवढी इंटरनेटवर महिनाभर वाचून होणार नाही. आणि जर त्याला फरक सांगता आला नाही, नुसतं "ये वाला अच्छा है" एवढंच म्हणत राहिला, तर त्याच्याकडे माल आहे पण माहिती नाही, मग त्याच्या कुठल्याच आकड्याला फार अर्थ नाही. हेच दोन-तीन दुकानांत करा. भक्तपूरला दरबार स्क्वेअरपासून दत्तात्रयाच्या चौकापर्यंत चालत गेलात तर वाटेत पुरेशी दुकानं लागतात, काही ठिकाणी मुलं-मुली चित्र काढत बसलेली असतात, तिथे थांबून अर्धा तास बघा. चित्रकार एका फुलाच्या पाकळीवर किती वेळ घालवतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की किमतीबद्दल मनातला अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मी एकदा पाटणला एका म्हाताऱ्या चित्रकाराजवळ दुपारभर बसले होते. ते पौभा काढत होते, पौभा म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांची जुनी चित्रपद्धत, त्यांच्यात चित्रकार नावाचीच जात आहे. आज बाजारात जे थांगके दिसतात त्यातले पुष्कळ तामांग या दुसऱ्या समाजातल्या चित्रकारांच्या हातचे असतात, आणि दुकानदार दोन्हीला थांगकाच म्हणतो कारण टुरिस्टला तोच शब्द माहीत असतो. तर ते आजोबा वस्त्राच्या काठावर सोन्याची वेलबुट्टी काढत होते, ब्रशला मोजून चार-पाच केस असतील. दर दोन-तीन रेषांनंतर ब्रश जिभेच्या टोकाला लावून टोक करायचे, श्वास धरायचे, रेषा ओढायचे, मग श्वास सोडायचे. दुपारी एकपासून चारपर्यंत त्यांचा माझ्या तळहाताएवढा काठ झाला. तेव्हापासून भाव ऐकला की मी आधी दिवस मोजते.

तुम्हीही तसाच हिशोब घाला. विचारा, याला किती दिवस लागले? समजा म्हणाला वीस दिवस. दिवसाची मजुरी हजार नेपाळी धरली तरी वीस हजार नुसते हाताचे झाले, त्यावर कापड, रंग, दुकानाचं भाडं, त्याचा नफा. मग १२,५०० एनसीला तो द्यायला तयार झाला असेल तर वीस दिवस ही गोष्ट खरी नाही, पण पाच-सात दिवसांचं शिकाऊ हाताचं काम म्हणून तो भाव अगदी योग्य असू शकतो. आणि १२,५०० आयसी असतील, म्हणजे वीस हजार नेपाळी, तर मी नक्कीच जास्त चोखंदळपणे बघेन, डोळे-बोटं नीट हवीत, सोनं म्हणत असेल तर खरं हवं.

तर इथपर्यंत एवढंच, की आयसी-एनसी विचारा, पाठ बघा, तीन चित्रं शेजारी ठेवा, दिवस मोजा, आणि मगच आकड्यावर या. तोपर्यंत स्वतःच्या तोंडून एकही आकडा काढू नका.

मध्येच एक धोक्याची गोष्ट सांगते कारण कमी पैशात फिरणाऱ्यांना हे आमिष हमखास दाखवतात. "हे दोनशे वर्षं जुनं आहे, मठातून आलंय, तुम्हाला म्हणून स्वस्तात देतो." बहुतेक वेळा ते नवीनच चित्र असतं, धुरात धरलेलं, चहाच्या पाण्याने पिवळं केलेलं, मुद्दाम घड्या पाडलेलं. ओळखायचं असेल तर बघा, खरा जुनेपणा दिव्याजवळ, हात लागतो तिथे, गुंडाळीच्या वळ्यांवर वेगवेगळा दिसतो, खोटा सगळीकडे सारखा. आणि खरंच जुनं असेल तर तो अजून मोठा घोळ, कारण नेपाळच्या १९५६ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. नवीनच पण जुनाट दिसणारं चित्र नेताना सुद्धा पुरातत्त्व विभागाचा दाखला आणि शिक्का लागू शकतो, चांगले दुकानदार तो काढून देतात. ह्यात पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. नेपाळमधून देवच्या देव चोरीला गेलेत. पाटणमधून १९८४ मध्ये चोरलेली लक्ष्मी-नारायणाची मूर्ती अमेरिकेत डॅलसच्या म्युझियममध्ये निघाली आणि २०२१ मध्ये परत आली. रोज जिच्यासमोर हात जोडायचे ती मूर्ती ३७ वर्षं तिथे नव्हती, त्या वस्तीतल्या लोकांना काय वाटलं असेल. म्हणून "जुनं" हा शब्द ऐकला की मी नमस्कार करून बाहेर पडते, भाव विचारतही नाही.

आता भाव करणं. हे करूच नये असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिथे ते अपेक्षितच आहे आणि न करता घेतलं तर दुकानदारालाही चुकल्यासारखं वाटतं. फक्त आधी स्वतःच्या मनात दोन आकडे ठरवा, एक ज्याला आनंदाने घ्याल, आणि एक ज्याच्या वर काही झालं तरी जाणार नाही. मग त्याला विचारा आणि त्याचा आकडा आला की लगेच निम्मा उलटा फेकू नका. तिथे एक छान वाक्य आहे, "दाइ, अलि मिलाएर दिनुस् न", म्हणजे जरा जमवून द्या ना. बाई असेल तर दिदी म्हणा. या एका वाक्याने बऱ्याचदा पहिली सूट आपोआप येते, आणि तुम्ही काही बोललेले नसता. त्यानंतर जो आकडा येईल त्याच्यावर तुमचा आकडा सांगा, कारणासकट. "चित्र आवडलं, पण ढगांचं शेडिंग या दुसऱ्याइतकं नाही, मी इतके देऊ शकतो" असं म्हटलं की बोलणं चित्राबद्दल होतं. "बहुत ज्यादा है, सब लूटते हो" म्हटलं की ते भांडण होतं आणि मग कोणीच खरं बोलत नाही.

किती कमी होतं म्हणाल तर ते दुकानावर आहे. जिथे चित्रकार स्वतः बसतात, किंवा दुकानाची स्वतःची शाळा आहे, तिथे माझ्या अनुभवात दहा-पंधरा टक्के, फार तर वीस, आणि त्यापुढे मी ओढत नाही. रस्त्यावरच्या टुरिस्ट दुकानात तीस-चाळीस टक्केही सुटतात कारण तेवढे आधी चढवलेलेच असतात. दोन-तीन नग घेतले तर अजून थोडं, रोख दिले तर थोडं, कार्डने दिले तर उलट दोन-चार टक्के वर मागतात. गाइडला सोबत नेऊ नका, एकटे जा, हा सगळ्यात मोठा डिस्काउंट.

आणि एका मर्यादेनंतर भाव पाडण्यापेक्षा दुसरं काही मागा. मी नेहमी हेच करते. चित्राच्या कडेने ब्रोकेडची, म्हणजे जरीच्या कापडाची, किनार लावून मागा, चांगली कडक नळी मागा, बिलावर चित्रकाराचं नाव लिहून मागा, एखादं छोटं मंडल (वर्तुळाकार रचनेचं चित्र) कमी भावात मागा. कारण दुकानदाराचं भाडं ठरलेलं, रंगांचा खर्च ठरलेला, तुम्ही शेवटचे हजार ओढून काढलेत तर ते बहुतेक वेळा पुढच्या चित्राच्या मजुरीतून जातात. हे मला पाटणच्या त्या आजोबांच्या मुलाने सांगितलं होतं, आणि तो आता चित्र काढत नाही, कतारला गेला.

आता तुमच्या बाबतीत. तुम्ही स्वतः १२,५०० म्हणालात, तो हो म्हणाला, आणि तुम्ही उठलात. हे सोपं करून सांगता येणार नाही, पण बाजारात कुठेही, आपल्याकडे मार्केट यार्डात सुद्धा, गिऱ्हाइकाने बोललेला आकडा समोरच्याने मान्य केला की तो शब्द झाला. तुम्हाला माहीत नव्हतं, घाबरलात, समजू शकते, पहिल्यांदा एवढे पैसे एका चित्राला देताना कोणालाही धडधडतं. पण आता परत जाऊन ८,००० म्हणू नका. उद्या सकाळी जा, नमस्कार करा, सरळ सांगा की काल निर्णय होत नव्हता म्हणून गेलो, चित्र परत एकदा नीट बघू द्या. वर सांगितलं तसं बघा. चित्र त्या भावाच्या लायकीचं वाटलं तर १२,५०० ला घ्या, एक रुपया कमी मागू नका, ब्रोकेड नाहीतर नळी मागा, तो खुशीने देईल. छापलेलं निघालं, किंवा सोनं म्हणून पितळ निघालं, तर शांतपणे तेवढंच दाखवा आणि या, तिथे तुमचा शब्द मोडत नाही कारण तुम्ही ज्या वस्तूचा भाव केलात ती वस्तूच ती नाही. आणि दरम्यान विकलं गेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या दुकानात आता तुमची नजर जास्त चालेल.

आणि सगळं ठीक असूनही १२,५०० खिशाला जड जात असतील, म्हणजे पुढच्या दोन दिवसांचं राहणं-खाणं काढावं लागणार असेल, तर तेच त्याला सांगा. "माझ्याकडे इतकेच आहेत, यात तुमच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं हाताचं काम कुठलं?" हा प्रश्न मी कित्येक तरुण मुलांना विचारायला लावलाय आणि त्यातून फार सुंदर छोटी चित्रं आलीयेत. वीतभर आकाराचं, साध्या रंगातलं, पण नीट रेषेचं चित्र हे दीड बाय दोन फुटाच्या घाईत भरलेल्या चित्रापेक्षा मी कधीही घेईन, फ्रेम करताना हातात धरलं की फरक कळतो.

घेतल्यावर घडी घालू नका, कोणी घालून दिली तर थांबवा. मध्ये पातळ मऊ कागद ठेवून सैल गुंडाळी करा, निदान तीन-चार इंच व्यासाची नळी घ्या, मनगटाएवढ्या बारीक नळीत कोंबलं की रंगाला आडव्या भेगा जातात. नळी बॅगेत न टाकता हातात ठेवा. बसने येणार असाल तर वरच्या कॅरियरवर अजिबात नको. घरी आणल्यावर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी सांगा. एक, हार्डबोर्डवर फेविकॉलने चिकटवायचं नाही, वरच्या कडेला नुसते टाके घालून धरायचं. दोन, काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पाव इंचाची पट्टी घाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आत दमट हवा धरते, सरस ओलावतो आणि रंग काचेला चिकटतो. दर गणपतीच्या आसपास माझ्याकडे असे दोन-तीन तरी येतात, आणि काच काढताना चेहऱ्यावरचा रंग काचेबरोबर निघून येतो, मग काही करता येत नाही. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तर नाहीच.

उद्या गेलात की दुकानदाराची परवानगी घेऊन तीन फोटो काढा, एक चेहऱ्याचा अगदी जवळून, एक मुकुटाच्या सोन्याचा तिरक्या उजेडात, आणि एक मागून, चित्र दारासमोर धरून. इथे टाका, आणि आयसी की एनसी तेही लिहा. मी दुकानात बाराच्या सुमारास जरा मोकळी असते, तेव्हा बघून लगेच सांगते, म्हणजे संध्याकाळच्या आत तुम्हाला परत जाता येईल.